प्राक्तन नाकारणारे बाबासाहेब

विदर्भातील उन्हाळा ऐन भरात असताना, मे १९५४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याचाच भाग होता. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. भंडाऱ्यातही काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. राज्यघटनेचे शिल्पकार दुसऱ्यांदा लोकसभेच्या दारातून परतले. अशा वेळी दैवाला बोल लावणे सोपे असते; परंतु दैव या कल्पनेशीच बाबासाहेबांचा आयुष्यभर झगडा होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांच्या वाट्याला जन्मानेच अस्पृश्यता आली. शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. हा जन्म म्हणजे गतजन्मीच्या कर्माचे फळ, अशी समाजाची धारणा होती. या धारणेत मोठी सोय होती. दुःख भोगणाराच त्या दुःखास कारण ठरला, की दुःख देणारा आपोआप निर्दोष सुटतो. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी ही सोयच मोडीत काढली.

मात्र माणूस सर्वस्वी स्वतंत्र आहे, असा त्यांचा भाबडा समज नव्हता. १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इतिहास कोण घडवितो, याची चिकित्सा केली. ईश्वरी योजना, भूगोल आणि मार्क्सने सांगितलेल्या आर्थिक शक्ती ही तिन्ही उत्तरे त्यांनी तपासली. परिस्थितीचे बळ त्यांनी मान्य केले. पण गारगोटी असली तरी ती घासून अग्नी निर्माण करण्यास माणूसच लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे स्वतःचे जीवन याची साक्ष देते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठाची वाट खुली झाली. ती संधी परिस्थितीने दिली होती. तिथले अध्ययन मात्र त्यांचे होते.

भंडाऱ्यातील पराभवाच्या काळात ते बुद्धाच्या जीवनावर आणि धम्मावर ग्रंथ लिहीत होते. बुद्धकाळातील मक्खली गोसाल सर्व काही नियतीने ठरलेले मानत असे, तर पूरण कस्सप पापपुण्य आत्म्याला लागत नाही असे सांगे. पहिल्या मताने माणूस नियतीचा दास होतो, दुसऱ्याने त्याला वाटेल ते करण्याची मुभा मिळते. म्हणून बुद्धाने दोन्ही नाकारले, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली. कर्माचा नियम त्यांनी टाकून दिला नाही. गतजन्माचे ओझे काढून त्यांनी तो याच जन्मातील कृतींना आणि जगाच्या नैतिक व्यवस्थेला जोडला. दरिद्री माणसाची दैना पूर्वसंचितामुळे आहे असे मानले, तर राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हा धोका त्यांना स्पष्ट दिसत होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा १९३५ मध्ये येवल्यात केलेला निर्धार एकवीस वर्षांनी पूर्ण झाला. पुढे दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्म कोणाच्याही हाती नसतो. त्या जन्मापुढे मान तुकवावी की नाही, हे मात्र माणसाच्या हाती असते, हे सिद्ध करण्यात त्यांचे सारे आयुष्य खर्ची पडले.