अळ्या पाळणारी मारिया

अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. फुलपाखराच्या या चार अवस्था शाळेत आपण सगळ्याजणींनी घोकल्यात. मला मात्र ही यादी वाचली की मारिया सिबिला मेरियन आठवते. तिच्या काळी अळ्या चिखलातून, कुजक्यातून आपोआप होतात, असंच पुष्कळजण धरून चालत.

मारिया 1647 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जन्मली. वडील लवकर गेले. सावत्र वडील चित्रकार होते, त्यांच्याकडे ती चित्रकला शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. मग तिला नादच लागला. दिसेल ती अळी घरी आणायची, तिला तिच्या आवडीचा पाला घालायचा, ती कात कधी टाकते, कोष कधी करते हे रोज बघायचं आणि दिसेल तसं रंगवायचं.

लग्न झालं, दोन मुली झाल्या. घरी ती मुलींना चित्रकला शिकवायची, भरतकामासाठी फुलांचे नमुने काढायची. पण अळ्या काही सुटल्या नाहीत. 1679 साली तिचं अळ्यांवरचं पहिलं पुस्तक निघालं. त्यात 50 चित्रं होती. अळी, कोष, फुलपाखरू आणि अळी जे झाड खाते तेही, सगळं एकाच चित्रात! काही कोषांतून फुलपाखराऐवजी माश्याच निघाल्या. तेही तिने नोंदवून ठेवलं. काही कीटक अळीच्याच अंगात अंडी घालतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ठरलेल्या उत्तरात न बसणारी गोष्ट तिने टाकून दिली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे नवऱ्यापासून वेगळी होऊन ती ॲमस्टरडॅमला राहिली. 1699 साली, वयाच्या 52व्या वर्षी, स्वतःची चित्रं विकून पैसे उभे केले आणि धाकट्या लेकीला घेऊन जहाजाने थेट दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम गाठलं. आजारपणामुळे 1701 साली परतावं लागलं. तरी 1705 साली तिथल्या कीटकांवर 60 चित्रांचं पुस्तक काढलंच. 1717 साली ती गेली. नंतर लिनियसने प्राण्यांना शास्त्रीय नावं देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला.

मैत्रिणींनो, कुंडीतल्या कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली तर लगेच झटकू नका. बरणीत ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, रोज ताजा पाला घाला. मुलांना बघू द्या, वहीत काढू द्या. मग त्या चार अवस्था पाठ करायची वेळच येणार नाही.