मुदतीची शिष्यवृत्ती

परदेशी शिक्षणाची चर्चा बहुधा बुद्धिमत्तेपाशीच थांबते. त्यास लागणाऱ्या पैशाचा व काळाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत तो स्पष्ट दिसतो.

सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मोबदल्यात बडोदे संस्थानची दहा वर्षे चाकरी करावयाची होती. प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली अर्थशास्त्र अभ्यासून १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात, एवढ्या विद्वत्तेनंतरही, अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर नोकरीही सुटली.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठविली आणि शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांच्या साहाय्याने १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधास १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली, ती याच अभ्यासाच्या बळावर.

या जिद्दीचा गौरव अवश्य व्हावा. पण त्याआड व्यवस्थेची उणीव झाकली जाऊ नये. अभ्यास पुरा होण्याआधी संपणारी मदत ही अर्धीच मदत होय. उरलेला अर्धा भार स्वतः पेलणारा आंबेडकर प्रत्येक गरीब विद्यार्थ्यात कोठून यावा?