आधी झाडू, मग भाकरी

मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

शेंडगावी १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेले डेबूजी, तेच आपले गाडगेबाबा. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हाती खराटा नि फुटके गाडगे. गावात शिरले की आधी रस्ता झाडीत, मगच भाकरी घेत. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीही राखली नाही. १९५६ साली ते गेले.

गावाकडचे पाहुणे दवाखान्यासाठी आले की माझ्या कपाळाला आठ्या पडत. एकदा एक आजारी म्हातारी जाण्यापूर्वी माझे अंगण झाडून गेली. मला बाबा आठवले, फार लाज वाटली. आता पाहुणा दारात दिसला की मी आधी चटई अंथरते.