तिथे दफनभूमी नव्हतीच!

मैत्रिणींनो, ‘न्यूनगंड’ हा शब्द आपण येताजाता वापरतो. तो जगभर पोचवला आल्फ्रेड अ‍ॅडलर या डॉक्टरनं. जन्म १८७०, व्हिएन्नाजवळ. लहानपणी मुडदूस, त्यामुळे धड पळता येईना. धाकटा भाऊ शेजारच्या अंथरुणात दगावला. पुढे ह्याला न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी आशा सोडली. तो वाचला आणि आपण डॉक्टरच व्हायचं हे ठरवून बसला. सगळ्यात पुढे असणाऱ्या थोरल्या भावाचं नाव सिग्मंड. (गंमत बघा, १९११ मध्ये ज्याच्याशी फाटलं तो फ्रॉइडही सिग्मंडच!)

त्याची एक आठवण मला फार आवडते. शाळेच्या वाटेवर दफनभूमी होती. इतर मुलं बिनधास्त जायची, ह्याला धडकी भरायची. एक दिवस भीती मोडेपर्यंत तो तिथून पळत ये-जा करत राहिला. पस्तिशीत शाळेतला मित्र भेटला, तर त्याला ती दफनभूमी आठवेना. अ‍ॅडलरनं इतरांनाही विचारलं. तिथे दफनभूमी नव्हतीच! धीट व्हायच्या ओढीनं मनानं आठवणच रचली होती. आणि त्या बळावर पोरगा खरोखर धीट झाला होता.

काय घडलं यापेक्षा मुलानं त्याचा अर्थ काय लावला ते बघा, हेच त्याचं सांगणं. आईबाप तेच, पण थोरल्याचं घर वेगळं, मधल्याचं वेगळं. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं सुरू केली, ती तीसच्या आसपास झाली. मूल, पालक, शिक्षक सगळ्यांशी बोलायचं, एकट्या पोरावर खापर फोडायचं नाही. १९३४ मध्ये नव्या राजवटीत ती बंद पडली.

१९८० नंतर कुटुंबाच्या समुपदेशनात रचनावाद आला. मुलांच्या शाळेत ज्ञानरचनावाद ऐकलाय ना, त्याचाच हा भाऊबंद. समुपदेशक न्यायाधीश होत नाही, प्रत्येकाची गोष्ट त्याच्या नजरेतून ऐकतो. मला तरी त्यात अ‍ॅडलरच दिसतो. आमच्या खारघरमध्ये सून सांगते, सासूबाई माझा डबा उघडून बघतात. सासूबाई सांगतात, पोर उपाशी राहू नये म्हणून बघते. डबा एकच! मग एकीला विचारायचं, दुसरीला काय वाटत असेल? आधी चिडतात, मग जरा गप्प होतात. मारहाण असेल तिथे मात्र हे चालवून घेऊ नका. मार हा नजरेचा फरक नाही, तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाच हवा.

अ‍ॅडलरची मोठी मुलगी व्हॅली १९३७ च्या सुरुवातीला मॉस्कोत पकडली गेली. पत्रं थांबली, बापाची झोप उडाली. व्याख्यानांच्या दौऱ्यात २८ मे १९३७ ला स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रस्त्यावर तो कोसळला. ती श्रमछावणीत वारली. तिचं काय झालं ते त्याला कळलंच नाही. त्याची रक्षा एडिनबर्गच्या दहनगृहात पडून होती. ती २००७ मध्ये सापडली आणि २०११ मध्ये व्हिएन्नाच्या दफनभूमीत नेऊन ठेवली.