लाकडाला आयुष्य देणारे कामेशम

अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांत मेळघाटच्या सागाला मान असे. त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. सालईचे तसे नाही. अशा अल्पायुषी लाकडाला टिकविण्याचा मार्ग सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधला. तांबे बुरशीला, आर्सेनिक किडीला आवरते. पण हे क्षार पाण्याने धुऊन जात. कामेशम यांनी क्रोमियमची जोड दिली आणि ते लाकडातच घट्ट बसले. १९३८ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. ‘अॅस्कू’ हे मिश्रण तेथील टेलिफोनच्या खांबांपर्यंत पोचले. शोधकर्त्याचे नाव मात्र मायदेशीही फारसे कोणी घेत नाही. रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडात द्रावण नलिकांतून धावते, तंतूंच्या भिंतींत सारखे मुरत नाही. ही उणीव पुढे ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या खांबांत उघड झाली. आर्सेनिकमुळे २००४ पासून अमेरिकेतील बहुतेक घरगुती बांधकामांतून ते बाद झाले. खांबांसाठी अद्याप वापरले जाते.