हाकारे, पारधी आणि शाहू छत्रपती

फाल्गुन सरता सरता सह्याद्रीतील पानझडीची राने उघडी पडतात, वणव्यांनी डोंगरउतार काळे होतात आणि ओढ्यांचे पाणी आटून मोजक्या डोहांपुरते उरते. संस्थानी काळात मोठ्या शिकारीचे बेत ठरत ते याच सुमारास. वाघाला पाण्यावर यावेच लागे. करवंदे-जांभळे पिकू लागली की अस्वलही कपारीतून बाहेर पडे. अस्वलाची नजर मंद, कानही फारसे तिखट नाहीत. पण त्याचे नाक विलक्षण. म्हणून वाऱ्याची दिशा पाहिल्यावाचून हाका बसवता येत नसे, आणि दचकलेले अस्वल वाघापेक्षाही अनावर होते हे ठाऊक असल्याने जाणते शिकारी त्याच्या वाटेला जपूनच जात. खबर आणणारा, माग काढणारा, माचाण बांधणारा, हाकाऱ्यांची रांग लावणारा, अशा कितीतरी माणसांचे श्रम एका गोळीमागे उभे असत. बंदूक राजाची असे. रान, वारा आणि जनावर यांचे ज्ञान मात्र बहुधा त्यांचे असे, ज्यांना गावाच्या वेशीच्या आत घर नव्हते.

हा विरोधाभास हिंदुस्थानातील शेकडो संस्थानिकांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होता. तो ज्याच्या मनाला लागला असा राजा विरळा. कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे अशा विरळांपैकी होत. आरक्षणाचा आदेश, वेदोक्ताचे प्रकरण, माणगावची परिषद या पायऱ्यांनी त्यांचे चरित्र आपल्या शाळांतून शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु या राजाच्या आयुष्याचा मोठा भाग दरबाराबाहेर, माळावर आणि रानात गेला, ही गोष्ट चरित्राच्या तळटीपेत ढकलली जाते. जणू शिकारीचा छंद हा थोर पुरुषाच्या अंगावरचा एक डाग असून तो झाकणे हे भक्तांचे कर्तव्य आहे. वस्तुतः तो झाकला तर राजाही अर्धाच दिसतो.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेला यशवंतराव हा मुलगा 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास, प्रवास, आणि 2 एप्रिल 1894 रोजी विसाव्या वर्षी राज्याधिकार, असा हा क्रम सर्वपरिचित आहे. इंग्रजांनी संस्थानी राजपुत्रांसाठी जो साचा बनवला होता त्यात घोडेस्वारी आणि शिकार ही अभ्यासक्रमाचीच अंगे होती. रेसिडेंटाला राजा खेळात गुंतलेला आवडे. कारभारात गुंतलेला राजा त्याला डोकेदुखी वाटे. शाहूंनी खेळ मनापासून स्वीकारला आणि त्याबरोबरच्या अपेक्षेला मात्र दाद दिली नाही.

धिप्पाड देहाचा, कुस्तीचा षौकी असलेला हा राजा खडखडा नावाची उघडी गाडी स्वतः हाकीत माळामाळांतून हिंडे. पूर्वेकडच्या सपाट मुलखात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले. तिची रीत जुनी होती. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवायचा, कारण बैलगाडीला काळवीट बुजत नाही. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. मग काही क्षणांची धाव. त्यात साधले तर साधले, नाहीतर चित्ता दमून बसतो आणि पुन्हा धावत नाही. मारलेल्या जनावराचे रक्त लाकडी पळीतून त्याच्यापुढे धरून त्याला शिकारीपासून सोडवायचे आणि पुन्हा टोपी घालायची. हे सारे काम चित्तेवानांचे, आणि ते वर्षानुवर्षांच्या धीराचे. या खेळाचा शेवट कसा झाला हेही सांगितले पाहिजे. देशी चित्ते दुर्मिळ होत गेले आणि पुढे कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेतून आणवावे लागले. 1947 साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि 1952 मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. 2022 साली मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात नामिबियाहून चित्ते आणून सोडावे लागले. राजेरजवाड्यांच्या छंदाचा आणि माळराने नांगराखाली जाण्याचा हिशेब असा दूरवर पोचतो.

पश्चिमेकडे दाजीपूर-राधानगरीचे निबिड रान होते. गवा, अस्वल, सांबर, रानडुक्कर ही तेथील जनावरे; वाघाचाही वावर होता. संस्थानचे ते राखीव शिकारी जंगल. राखीव रानाशेजारच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ वेगळा होता हे विसरून चालणार नाही. जे जनावर राजाच्या बंदुकीसाठी राखले जाते तेच रात्री कुळाच्या उभ्या पिकात शिरते, आणि त्याला मारण्याची मुभा कुळाला नसते. हिंदुस्थानभर ही तक्रार होती. मात्र याच रानात, याच पायपिटीतून, शाहूंच्या मनात दुसराही एक बेत आकाराला आला. 1896-97 च्या दुष्काळाने हादरलेल्या राजाला भोगावतीच्या खोऱ्यात नुसती शिकार दिसली नाही, पाणीही दिसले. 1908 मध्ये मुलीच्या नावाने राधानगरी ही वसाहत उभी राहिली आणि तेथील धरणाचे काम हाती घेण्यात आले. छोट्या संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारे ते काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही; स्वातंत्र्यानंतर ते पूर्णत्वास गेले. कोल्हापूर जिल्ह्याचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. शिकारीमुळे राजाचा ज्या लोकांशी संबंध आला त्यांत फासेपारधी हे प्रमुख. ससा, तितर, काळवीट यांना फाशात पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पावलाच्या ठशावरून जनावर किती वेळापूर्वी गेले, भरल्या पोटी गेले की उपाशी, हे ते सांगत. पण 1871 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारला जमातींच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय करून दिली होती, आणि पारध्यांच्या कपाळी तो शिक्का बसला होता. चोरी कोठेही होवो, पोलीस प्रथम पारध्यांच्या पालावर जात. शाहूंनी उलट विचार केला. ज्याला रात्रीच्या अंधारात चाहूल ओळखता येते तो चांगला पहारेकरी होऊ शकतो, आणि पोटाला मिळाले तर चोरी करण्याचे त्याला कारण उरत नाही, इतका तो साधा होता. त्यांनी फासेपारध्यांना आणून वसवले. काहींना पहाऱ्यावर नेमले, काहींना बांधकामांवर लावले. दरबारी मंडळींच्या भुवया उंचावल्या असतील. राजवाड्याच्या पहाऱ्यावर चोर बसवण्याचे हे धाडस तर्काने करता येत नाही. त्यासाठी त्या माणसांबरोबर रान तुडवलेले असावे लागते.

हत्तीखाना आणि पागा या ठिकाणीही हेच घडले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील माणसे माहूत झाली, गाडीवान झाली. 1902 साली महाराज विलायतेत असताना 26 जुलै रोजी प्रसिद्ध झालेल्या आदेशाने सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या आदेशाची चर्चा भरपूर झाली आहे. माहुताच्या जागेची चर्चा होत नाही. परंतु राजा ज्या हत्तीवर बसतो त्याचा अंकुश कोणाच्या हाती आहे हे रस्त्यावरच्या माणसाला दिसते; ‘करवीर गॅझेट’ त्याच्या हाती पडतेच असे नाही.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिकारीचे सारे वैभव हाकाऱ्यांवर अवलंबून असे आणि संस्थानी हिंदुस्थानात हाकारे बहुधा वेठीने धरून आणले जात. साहेब आला, हाका घालायचा आहे, चला. मग पेरणी राहो की मुलाला ताप असो. जनावर उलटले तर प्रथम सापडे तो हाकारी. वेठीच्या या जुलमाचा मोठा भार महारांवर पडे, कारण वतनाच्या नावाखाली त्यांना अष्टौप्रहर राबवण्याचा हक्क गावाला होता. हा सारा व्यवहार शिकारीच्या नादी राजाला अपरिचित असणे शक्य नव्हते. शाहूंनी महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या त्या 1918 साली, म्हणजे राज्याधिकार मिळाल्यावर चोवीस वर्षांनी. वेठबिगारीवरील बंदी तर त्यानंतरची. उशीर झाला असे म्हणता येईल. पण शेजारच्या कोणत्या संस्थानाने ते त्यांच्याआधी केले, हेही विचारावे लागेल.

1918 हे साल या चरित्रात सर्वांत जड आहे. त्या वर्षी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज चावडीवर जाऊन द्यावी लागणारी हजेरी कोल्हापुरात बंद झाली. आणि त्याच वर्षी, जून महिन्यात, महाराजांचे धाकटे चिरंजीव राजकुमार शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावले. डुकराचा पाठलाग भाल्याने, भरधाव घोड्यावरून होतो. जमीन खाचखळग्यांची, नजर जनावरावर. घोडा अडखळला की स्वाराचे दैव. या खेळाची गोडी मुलाला घरातूनच लागली होती. ज्या छंदाने बापाला माणसे दिली त्याने मुलगा नेला.

मागे राहिली ती सून इंदुमती. लग्नाला वर्षच झाले होते आणि तिचे वय अकरा. मराठा राजघराण्यातील बालविधवेच्या वाट्याला काय येते हे सांगण्याची गरज नाही. आतल्या चौकातील एक अंधारी खोली, व्रते, आणि सत्तर वर्षांचे आयुष्य. शाहूंनी सुनेला शिकवण्याचा निर्णय घेतला. राजवाड्यातून त्याला विरोध झाला तेव्हा त्यांनी तिची व्यवस्था शहराबाहेर सोनतळीला केली, सोबतीला वेगवेगळ्या जातींतील मुली ठेवल्या आणि तिच्या अभ्यासाकडे जातीने लक्ष दिले. ज्याने 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते, त्याच्यावर स्वतःच्या उंबरठ्याच्या आत तेच लागू करण्याची पाळी आली. अनेक सुधारकांची परीक्षा येथेच होते आणि अनेक जण येथेच नापास होतात. दुःखाने मोडलेल्या बापाने ती परीक्षा दिली, हे त्यांच्या कोणत्याही जाहीरनाम्याहून कमी मोलाचे नाही.

त्यानंतर चारच वर्षे ते जगले. मार्च 1920 मध्ये माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेस ते गेले आणि तेथील समाजाला त्यांनी तुमचा नेता तुम्हाला लाभला असल्याचे सांगितले, हे प्रसिद्धच आहे. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे सत्तेचाळीस होते.

आमच्या मराठवाड्याला हा राजा लाभला नाही. सास्तूर, लोहारा, उमरगा हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. कोल्हापुरात मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत होता, त्या काळात येथील खेड्यांत मराठी शाळा हीच अपूर्वाई होती. पारधी मात्र येथेही होते आणि आहेत. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला, 31 ऑगस्टला या जमाती विमुक्त झाल्या. पण सास्तूर-लोहाऱ्याच्या शिवारात कोणी पाल ठोकले आणि त्या रात्री गावात चोरी झाली, तर संशयाचे बोट कोठे वळते हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळवीट आणि अस्वल वाचवले, आणि ते आवश्यकच होते. त्याच कायद्याने फाशावर पोट भरणाऱ्याचा पिढीजात धंदा गुन्हा ठरला. त्याच्या हाती दुसरे काय द्यायचे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही. कोल्हापूरच्या राजाने तो शंभर वर्षांपूर्वी केला होता: आधी पहाऱ्याचे काम दिले, राहायला जागा दिली आणि मग हजेरी बंद केली.

दाजीपूरचे शिकारी रान 1958 मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. राणी इंदुमतीदेवी 1971 पर्यंत हयात होत्या.