हॅरी फर्ग्युसन: नांगराच्या जोडणीपासून फोर व्हील ड्राइव्हपर्यंत

ट्रॅक्टरला नांगर किंवा रोटाव्हेटर जोडताना आपण खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक अशा तीन ठिकाणी पिना घालतो. ही जोडणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी शोधून काढली असेल, हे आपल्या मनातही येत नाही. ती घडवणारे हॅरी फर्ग्युसन आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचे पुत्र होते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्यांनी आणखी एक प्रश्न हाती घेतला. गाडीच्या चारही चाकांना ताकद द्यायची, तर ती चालकाने लिव्हर टाकून द्यावी की यंत्रणेने गरज ओळखून आपोआप द्यावी? पिकअप घेताना शेतकरी आजही हेच विचारतात. फर्ग्युसन यांच्या कामातून त्याचे उत्तर बरेचसे मिळते.

शेत सोडून गॅरेजमध्ये

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी काउंटी डाउनमधील ड्रोमोर गावाजवळ झाला. अकरा भावंडांत ते चौथे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या शेतावर राबू लागले, पण त्या कष्टात त्यांचे मन रमले नाही. १९०२ मध्ये ते बेलफास्टला थोरल्या भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या धंद्यात गेले. विमानाचे वेड लागल्यावर त्यांनी स्वतःच विमान बांधले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे ते सुमारे १३० यार्ड उडवले. आयर्लंडमध्ये विमान उडवणारे ते पहिले.

उलटणारे ट्रॅक्टर

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली. आयर्लंडमधील ट्रॅक्टरचे काम सुधारण्याची जबाबदारी १९१७ मध्ये सरकारने फर्ग्युसन यांच्यावर सोपवली. सहकारी विल्यम सँड्स यांना घेऊन ते शेतोशेत फिरले. तेव्हा ट्रॅक्टर म्हणजे बैलाच्या जागी आलेले यंत्र होते आणि नांगर मागून ओढला जाई. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके फिरत राहत आणि पुढचा भाग वर उचलला जाई. ट्रॅक्टर मागे उलटून चालक त्याखाली सापडे. यात माणसे दगावत होती.

यावर सोपा उपाय होता ट्रॅक्टर जड करण्याचा. पण जड ट्रॅक्टर जमीन दाबतो आणि इंधनही जास्त खातो. फर्ग्युसन यांनी वेगळा मार्ग धरला. नांगर ट्रॅक्टरला अशा रीतीने जोडायचा की नांगराची ओढच मागच्या चाकांवर भार देईल आणि पुढचा भाग जमिनीवर दाबून धरेल. त्याला हायड्रॉलिक नियंत्रणाची जोड मिळाली. जमीन कठीण लागून ओढ वाढली की टॉप लिंकवरचा दाब वाढतो, त्यामुळे नांगर किंचित वर येतो. ओढ कमी झाली की तो पुन्हा ठरल्या खोलीवर जातो. आपण ज्याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो, ते हेच. या रचनेचे पेटंट त्यांना १९२६ मध्ये मिळाले.

करार आणि कोर्ट

१९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात या पद्धतीचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना प्रात्यक्षिक दाखवले. दोघांनी हातात हात देऊन करार केला. कागद झाला नाही. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फोर्ड यांच्या नातवाने हा करार मोडला आणि तीच हायड्रॉलिक पद्धत असलेला ट्रॅक्टर कंपनीने स्वतः विकायला काढला. फर्ग्युसन कोर्टात गेले. १९५२ मध्ये तडजोड होऊन त्यांना सुमारे ९२.५ लाख डॉलर मिळाले.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे त्यांचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर तयार होत होता. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर निघाले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते पट्टे बसवलेले हेच ट्रॅक्टर घेऊन. फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरबरोबर प्रशिक्षणावरही भर दिला. चुकीच्या जोडणीने चांगले यंत्रही वाईट काम करते, हे त्यांना शेतोशेत फिरताना कळले होते.

चारही चाकांचा प्रश्न

१९५३ मध्ये त्यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी ते तेथून बाहेर पडले. १९५० मध्ये त्यांनी वेगळी संशोधन कंपनी काढली होती. आता त्यांनी सारे लक्ष तिकडे दिले. रेसिंगचे जाणकार फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट त्यांच्याबरोबर होते.

युद्धातल्या जीपला फोर व्हील ड्राइव्ह होता, पण तो लिव्हरने टाकावा लागे. लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा एक्सल एकत्र बांधला जातो. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, त्यामुळे सारा ताण गिअर, शाफ्ट आणि टायरवर येतो. दोन एक्सलच्या मध्ये साधा डिफरन्शिअल बसवला तर हा ताण जातो. मात्र एका एक्सलची चाके चिखलात फिरू लागली की सगळी ताकद तिकडेच वाया जाते.

फर्ग्युसन यांच्या चमूने मधल्या डिफरन्शिअलला मर्यादा घातली. दोन्ही एक्सलच्या वेगात ठरावीक फरक चालेल, त्यापुढे यंत्रणा आपोआप जखडेल आणि ताकद दुसऱ्या एक्सलला जाईल, अशी ही रचना होती. पण मोटार कंपन्यांनी ती उचलली नाही. २५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीच्या पी-९९ या गाडीने सप्टेंबर १९६१ मध्ये ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. फॉर्म्युला वन दर्जाची शर्यत जिंकणारी ती एकमेव फोर व्हील ड्राइव्ह गाडी. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या मोटारीत ही यंत्रणा आली. मात्र ती महाग होती आणि अशा ३२० गाड्याच तयार झाल्या. पुढे रोल्ट यांच्या कंपनीने जाड सिलिकॉन द्रवावर चालणारी कपलिंग पुढे आणली आणि आपोआप चालणारा फोर व्हील ड्राइव्ह अनेक गाड्यांत पोहोचला.

पिकअप घेताना

लिव्हरची पद्धत भरवशाची की आपोआप चालणारी? बिघाड कुठून येतो, ते पाहिले तर निवड सोपी होते.

- लिव्हरच्या पद्धतीत भाग कमी असतात आणि दुरुस्तीही सोपी असते. तिचे नुकसान बहुधा वापरातल्या चुकीने होते. लिव्हर टाकलेली ठेवून डांबरावर गाडी पळवली, तर ट्रान्सफर केस आणि टायर लवकर जातात. वर्षभर लिव्हर हललीच नाही, तर ती ऐन पावसात अडकते.
- आपोआप चालणाऱ्या पद्धतीत ही चूक टळते. ओला-कोरडा, डांबरी-कच्चा असा मिश्र रस्ता असेल किंवा गाडी अनेकजण चालवत असतील, तर ती सोयीची. मात्र आजच्या गाड्यांत सेन्सर, वायरिंग आणि क्लच असतात. त्यांत पाणी-चिखल गेला तर गावच्या गॅरेजमध्ये दोष सापडणे कठीण.
- आपोआप चालणाऱ्या पद्धतीत चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने टायर असतील तर यंत्रणेला सतत घसरण होत असल्यासारखे वाटते. कपलिंग किंवा क्लच तापून खराब होतो.
- खोल चिखलातून माल काढायचा असेल, तर लो गिअर आहे का ते आधी पाहा. ऑटो हा शब्द लो गिअरची जागा घेत नाही.

वर्षातले मोजके दिवस चिखलात जाणाऱ्या, एकाच चालकाच्या हातातल्या आणि सर्व्हिस सेंटरपासून दूर असलेल्या गाडीसाठी लिव्हरची पद्धत जास्त भरवशाची आहे. फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू होतो: शेतातून डांबरी रस्त्यावर आलात की पुढच्या एक्सलची लिव्हर काढा.

पावसाळ्यापूर्वी एकदा मोकळ्या कच्च्या जमिनीवर लिव्हर टाकून काढून पाहा. ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सलचे ऑइल तपासा. गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी लिव्हर कधी टाकायची आणि कधी काढायची, हे त्यालाही समजावून सांगा.